नोबेल कुणाच्या नावावर? विद्यापीठांच्या मोजदादीची गोष्ट

आजच्या विषयाची सुरुवात आपण स्टॉकहोमपासून करणार नाही, एका कपाटापासून करू.

आम्ही ज्या महाविद्यालयात काही वर्षं शिकवलं, तिथे एका वर्धापनदिनाला स्मरणिका काढायची ठरली. आमच्याकडे काम आलं ते ‘आमचे नामवंत माजी विद्यार्थी’ या पानाचं. जुनी रजिस्टरं काढली, धूळ झटकली. ज्यांचा फोटो पहिल्या पानावर छापायचं आधीच ठरलेलं होतं, त्या थोर गृहस्थांचं नाव सापडलं १९४२ च्या रजिस्टरात. नावापुढे लाल शाईनं शेरा होता : ‘नाव कमी केले.’ चळवळीत गेले म्हणून महाविद्यालयानंच त्यांना काढलं होतं. त्यांनी पुढची परीक्षा दुसऱ्या गावाहून दिली. आमचे जुने हेडक्लार्क शेजारीच उभे होते. ते एवढंच म्हणाले, “सर, यांना आपणच काढलं होतं की.”

मग ते आमचे माजी विद्यार्थी होते की नव्हते? या प्रश्नावर आमच्या समितीच्या दोन बैठका झाल्या. हाच प्रश्न जगातली मोठमोठी विद्यापीठं नोबेलच्या बाबतीत शंभर वर्षं सोडवत आहेत, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. आज आपण ही मोजणी कशी होते, ती कधीपासून इतकी महत्त्वाची झाली, आणि तिच्यातून काय काय गळून पडतं, ते पाहणार आहोत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. आल्फ्रेड नोबेलनं १८९५ मध्ये मृत्युपत्र केलं, पहिली पारितोषिकं १९०१ मध्ये दिली गेली. विज्ञानाचं पारितोषिक मिळतं माणसाला. विद्यापीठाला ते मिळत नाही. नोबेल प्रतिष्ठान आपल्या नोंदीत फक्त इतकंच लिहितं, की पारितोषिक मिळालं तेव्हा हा माणूस कुठे कामाला होता. त्यापुढचा सगळा हिशोब विद्यापीठांनी आपापल्या सोयीनं मांडलेला आहे.

आता सोय म्हणजे काय, ते बघा. एक पद्धत अशी, की पारितोषिक मिळालं त्या दिवशी जो आमच्या पगारपत्रकावर, तो आमचा. दुसरी पद्धत, ज्यानं आमची पदवी घेतली तो आमचा. आणि तिसरी, सगळ्यात ऐसपैस : जो कधी काळी आमच्याकडे शिकला, शिकवला, संशोधनाला येऊन राहिला, तो आमचा. हार्वर्डची स्वतःची यादी बराच काळ पहिल्या पद्धतीची होती, म्हणजे पारितोषिकाच्या वेळी अध्यापक असलेल्यांपुरती. ती संख्या पन्नासच्या आसपास. तिसऱ्या पद्धतीनं कुणी बाहेरच्यानं त्याच हार्वर्डची यादी केली की ती दीडशेच्या पलीकडे जाते. विद्यापीठ तेच, माणसं तीच, आणि आकडा तिप्पट! शिकागो विद्यापीठानं मात्र पहिल्यापासून सढळ हातानं मोजलं आहे. अध्यापक, विद्यार्थी, संशोधक, सगळे. त्यामुळे ‘शिकागोची नोबेलं हार्वर्डपेक्षा जास्त’ असं कुणी म्हणालं, तर आधी विचारावं की दोन्हीकडे माप एकच लावलंय का. एकीकडे शेर आणि दुसरीकडे पायली असेल तर धान्य कुणाचं जास्त, हे कसं ठरवणार?

पहिली पद्धत सगळ्यात काटेकोर वाटते. पण तिचीही गंमत आहे. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत मांडली. पारितोषिक आलं १९६२ मध्ये, लंडनच्या विल्किन्सबरोबर तिघांत वाटून. तोवर वॉटसन हार्वर्डला प्राध्यापक झाले होते. म्हणजे नोबेलच्या नोंदीत वॉटसन हार्वर्डचे. क्रिक केंब्रिजमध्येच होते, पण मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या प्रयोगशाळेत, आणि ती प्रयोगशाळा विद्यापीठाचा विभाग नव्हे. विल्किन्स लंडन विद्यापीठाचे. आता नियम शब्दशः लावला, तर केंब्रिजमध्ये लागलेल्या त्या शोधाचं केंब्रिज विद्यापीठाला काय मिळालं? काही नाही. शेत एकाचं, नांगरट एकाची, आणि मळणीच्या दिवशी बैल ज्याच्या गोठ्यात बांधलेला असेल त्याचं पीक. अर्थात केंब्रिज इतकं भोळं नाही. ते आपल्या यादीत या सगळ्यांना घेतंच.

केंब्रिजचाच एक आणखी किस्सा सांगतो, कारण आमच्या रजिस्टराशी त्याचं नातं आहे. ट्रिनिटी कॉलेज आपल्या सदस्यांची ३४ नोबेलं अभिमानानं सांगतं. एका कॉलेजचा हा आकडा कित्येक देशांच्या आकड्याहून मोठा आहे. त्या चौतिसांत बर्ट्रांड रसेल आहेत, साहित्याचं नोबेल, १९५०. याच ट्रिनिटीनं पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याबद्दल १९१६ मध्ये रसेलना अध्यापकपदावरून काढलं होतं. पुढे १९४४ मध्ये पुन्हा मानानं फेलो करून घेतलं, हेही खरं. मधल्या काळात ते शिकागोला वर्षभर शिकवून आले, तेव्हा शिकागोच्या यादीतही ते आहेत. युद्धाच्या काळात नको झालेला माणूस पुढे दोन खंडांत मोजला गेला.

आता आपण २००३ सालात येऊ. तोवर या याद्या म्हणजे घरातल्या भिंतीवरच्या तसबिरी होत्या. पाहुण्याला दाखवायच्या, थोडी छाती फुगवायची, संपलं. २००३ मध्ये शांघाय जियाओ तोंग विद्यापीठातल्या एका गटानं जगभरच्या विद्यापीठांची क्रमवारी काढली. मूळ हेतू घरगुती होता. चीनला जागतिक दर्जाची विद्यापीठं उभी करायची होती, १९९८ पासून त्यासाठी मोठा पैसा ओतला जात होता, आणि आपण नेमके किती मागे आहोत हे त्यांना मोजायचं होतं. पण यादी जाहीर झाली आणि युरोपात खळबळ उडाली. का, तर या क्रमवारीत शंभरपैकी तीस गुण थेट पारितोषिकांना होते. दहा गुण माजी विद्यार्थ्यांनी मिळवलेल्या नोबेल आणि फील्ड्स पदकांना, वीस गुण पारितोषिकाच्या वेळी तिथे नोकरीत असलेल्यांच्या पदकांना. या वीसमध्ये भौतिकी, रसायन, वैद्यक आणि अर्थशास्त्र ही नोबेलं धरली. साहित्य आणि शांतता वगळली. (अर्थशास्त्राचं पारितोषिक नोबेलच्या मृत्युपत्रात नाहीच. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेनं ते १९६८ मध्ये सुरू केलं. पण साहित्य मृत्युपत्रात असून बाहेर आणि अर्थशास्त्र नसून आत! रसेलसाहेबांचा इथे शून्य उपयोग.)

नियम मात्र बारकाईनं केलेले आहेत, ते मान्य करायला हवं. पारितोषिक तिघांत वाटलं असेल तर प्रत्येकाच्या विद्यापीठाला त्याच्या वाट्याइतकंच श्रेय. एक माणूस दोन ठिकाणी नोकरीत असेल तर अर्धं अर्धं. आणि दशकाप्रमाणे घसारा : चालू दशकातलं पारितोषिक पूर्ण किमतीचं, त्याआधीच्या दशकातलं नव्वद टक्के, त्याआधीचं ऐंशी, असं खाली खाली. जुन्या मोटारीची किंमत जशी दरसाल उतरते, तसं. म्हणजे १९६२ मधल्या वॉटसनच्या एकतृतीयांश वाट्याची किंमत पहिल्या याद्यांच्या वेळी साठ टक्के. गुणाकार करा, एका नोबेलचा एकपंचमांश उरतो.

या बारीक हिशोबाला पहिला मोठा तडाखा बसला बर्लिनमध्ये. इथे आपण जरा थांबू.

बर्लिन विद्यापीठ १८१० मध्ये स्थापन झालं. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत तिथली विज्ञानाची मंडळी म्हणजे दिवाळीच होती : प्लांक, नेर्न्स्ट, फॉन लाउए, आइनस्टाइन. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराचे तुकडे झाले. विद्यापीठाची मुख्य इमारत रशियन भागात गेली. तिथे राजकीय दडपशाही सुरू झाली, विद्यार्थ्यांना काढलं गेलं, काहींना अटकही झाली. तेव्हा काही विद्यार्थी आणि अध्यापक पश्चिमेकडे आले आणि १९४८ मध्ये अमेरिकनांच्या मदतीनं डालेम या उपनगरात ‘फ्री युनिव्हर्सिटी’ उभी राहिली. पूर्वेकडच्या मूळ विद्यापीठाला पुढच्याच वर्षी हुम्बोल्ट हे नाव मिळालं.

मग प्लांक आणि आइनस्टाइन कुणाचे? हुम्बोल्ट म्हणे, इमारत आमची, सालं आमची, परंपरा आमची. फ्री युनिव्हर्सिटी म्हणे, परंपरा म्हणजे विटा नव्हेत, विचारस्वातंत्र्य घेऊन आम्ही बाहेर पडलो, वारसा आमच्याबरोबर आला. शांघायच्या लोकांनी सुरुवातीला जुनी नोबेलं फ्री युनिव्हर्सिटीच्या खात्यावर टाकली. ती हुम्बोल्टच्या जवळजवळ शंभर जागा पुढे गेली. हुम्बोल्टनं हरकत घेतली, तेव्हा नोबेलं तिकडे वळवली, आणि चित्र उलटं झालं. शेवटी वैतागून शांघायनं काही काळ दोन्ही विद्यापीठं यादीतूनच काढून टाकली! दोन भाऊबंदांच्या वाटणीत सातबारा कोरा राहिला. दोन्हीकडचे आजचे शिक्षक, आजचे विद्यार्थी, आजचं संशोधन तसूभरही बदललं नव्हतं. शंभर जागांची ही चढउतार केवळ आजोबा कुणाचे, यावर.

आणि आता त्या आजोबांची स्वतःची कागदपत्रं पाहा. आइनस्टाइनना १९२१ चं पारितोषिक १९२२ मध्ये जाहीर झालं, ते प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमासाठी. ते काम १९०५ चं. तेव्हा ते बर्नच्या पेटंट कचेरीत कारकुनी करत होते, कुठल्याही विद्यापीठात नव्हते. डॉक्टरेट त्याच वर्षीची, झ्युरिक विद्यापीठाची. आणि नोबेल प्रतिष्ठानाच्या नोंदीत पारितोषिकाच्या वेळची संस्था म्हणून नाव आहे कैसर विल्हेल्म भौतिकी संस्थेचं. तिला तेव्हा स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. ती झाली पुढे १९३७ मध्ये. आज तिचा वारसा चालवते माक्स प्लांक सोसायटी, आणि ती विद्यापीठ नाही म्हणून शांघायच्या यादीत येतच नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी दोन विद्यापीठं भांडली, त्या आइनस्टाइनच्या नोंदीत दोघांपैकी कुणाचंच नाव नाही.

आमच्या मते बर्लिनच्या भांडणातला खरा प्रश्न वेगळाच आहे. वारसा घ्यायचा तर सगळा घ्यावा लागतो. १० मे १९३३ च्या रात्री बर्लिनमध्ये पुस्तकांची होळी पेटली, ती याच विद्यापीठाच्या समोरच्या चौकात, आणि पेटवणाऱ्यांत या विद्यापीठाचे विद्यार्थी होते. आइनस्टाइन त्याआधीच देश सोडून गेले होते. मार्चमध्ये त्यांनी प्रशियाच्या अकादमीचा राजीनामाही पाठवला होता. त्या होळीचा वारसा माझा, असं म्हणत शांघायला पत्र पाठवल्याचं कधी ऐकलं आहे का? त्याच १९३३ मध्ये श्रोडिंगरना नोबेल मिळालं. ते स्वतः ज्यू नव्हते. नाझी राजवटीत राहायचं नाही म्हणून त्यांनी बर्लिनची खुर्ची सोडली आणि ते ऑक्सफर्डला गेले. पारितोषिकाची बातमी आली तेव्हा ते तिथेच होते. नोबेलच्या नोंदीत मात्र त्यांच्या नावापुढे आजही बर्लिन विद्यापीठ आहे. ज्या घरातून माणूस उठून गेला, त्या घराच्या खात्यावर त्याचं पारितोषिक जमा!

फ्रान्सला याच यादीनं वेगळा चटका दिला. १९७० च्या सुमारास जुन्या पॅरिस विद्यापीठाचे तेरा तुकडे झाले होते, त्यामुळे मारी क्युरींपासूनची पुण्याई तेरा घरांत विखुरलेली. मग तिथे विद्यापीठं पुन्हा एकत्र जोडण्याचं धोरण आलं. त्याला कारणं बरीच होती, पण शांघायचा धक्का त्यातलं एक होतं, हे तिथले लोकही नाकारत नाहीत. जोडणीतून उभं राहिलेलं पॅरिस-साक्ले २०२० मध्ये एकदम चौदाव्या क्रमांकावर आलं.

हे सगळं लांबचं झालं. आपल्याकडे वळू, कारण बर्लिन आपल्याकडेही घडलेलं आहे.

हरगोविंद खुराना यांच्या पदव्या १९४३ आणि १९४५ च्या, लाहोरच्या पंजाब विद्यापीठाच्या. १९४७ नंतर लाहोरला एक पंजाब विद्यापीठ राहिलं, इकडे दुसरं निघालं, ते आज चंदीगडला आहे. दोन्ही १८८२ पर्यंत आपली मुळं नेतात आणि दोन्ही खुरानांना आपला म्हणतात. फाळणीत खुरानांचं गाव तिकडे गेलं. १९६८ चं नोबेल त्यांना मिळालं अमेरिकेत विस्कॉन्सिनला असताना, आणि दोनच वर्षांत ते एमआयटीला गेले. आता तेही त्यांना मोजतात.

सी. व्ही. रामन यांचं तर चालू दशकात काय झालं, पाहा. शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा. प्रयोग झाले कलकत्त्याच्या बहूबाजारमधल्या इंडियन असोसिएशनमध्ये, आणि नोकरी कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक म्हणून. म्हणून १९३० चं श्रेय विद्यापीठाचं. भारतीय विद्यापीठात नोकरीत असताना मिळालेलं विज्ञानाचं एकमेव नोबेल! घसाऱ्याच्या नियमानं त्याची किंमत शांघायच्या पहिल्या याद्यांत वीस टक्के होती, २०११ नंतर दहा, आणि २०२१ नंतर ते उतरंडीवरून खालीच घरंगळलं. शून्य.

बडोद्याची गोष्ट आपल्याला जवळची. वेंकटरामन रामकृष्णन तिथे वाढले, १९७१ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठातून बी.एस्सी. झाले. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि इकडे हक्कदारांची रांग लागली. त्यांचा जन्म चिदंबरमचा, म्हणून तिथल्या अण्णामलाई विद्यापीठात त्यांना शिकवल्याचं सांगणारेही निघाले. शेवटी त्यांना स्वतःला सांगावं लागलं, की मी त्या विद्यापीठात कधी शिकलोच नाही. चिदंबरम सोडलं तेव्हा ते तीन वर्षांचे होते! गुरूंची संख्या शिष्याच्या यशाबरोबर वाढते, हे आपल्याकडचं जुनं शास्त्र आहे.

आणि मुंबई. आपल्याकडे नोबेल नाही, पण भारतरत्न आहेत. धोंडो केशव कर्वे १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. बाबासाहेब आंबेडकर त्याच कॉलेजातून १९१२ मध्ये. दोघांच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या. २०१९ मध्ये एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम, जिथे बाबासाहेब पुढे प्राध्यापक होते, ही दोन्ही नव्या होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली. आता बाबासाहेब कुणाच्या यादीत? भिंती एकीकडे, पदवीचा कागद दुसरीकडे. कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स तर त्यांना आपलं मानतातच. पण त्यांना कोलंबियाला पाठवणारी शिष्यवृत्ती सयाजीरावांची, १९१३ ची. शिष्यवृत्ती देणाऱ्याचा रकाना आम्ही तरी कुठल्याच यादीत पाहिलेला नाही.

शेवटचं उदाहरण अगदी अलीकडचं आहे. कॅटलिन कॅरिको हंगेरीतून अमेरिकेत आल्या आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमआरएनएवर काम करू लागल्या. अनुदान मिळेना. १९९५ मध्ये विद्यापीठानं त्यांना खालच्या पदावर ढकललं. त्या तिथेच चिकटून राहिल्या, ड्र्यू वाइसमन यांच्याबरोबर काम करत राहिल्या. २०१३ मध्ये त्या जर्मनीतल्या बायोएनटेक कंपनीत गेल्या, विद्यापीठाशी नातं उरलं ते मानद स्वरूपाचं. २०२० मध्ये त्या कामावर आधारलेल्या लसी जगानं दंडावर घेतल्या, आपल्यापैकी परदेशात राहणाऱ्या पुष्कळांनी घेतल्या असतील. २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. कॅरिकोंच्या नावापुढे नोंदीत दोन संस्था आहेत : हंगेरीतलं सेगेद विद्यापीठ आणि पेनसिल्व्हेनिया. नियमाप्रमाणे मोजायचं, तर दोघांनाही श्रेयाचा वाटा मिळतो. १९९५ च्या त्या निर्णयाचा गुण कुठल्याही क्रमवारीत वजा होत नाही, कारण वजाबाकीचा रकानाच नाही.

आमच्या स्मरणिकेचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. आम्ही सुचवलं, की फोटोच्या शेजारी रजिस्टराच्या त्या पानाचं छायाचित्र छापू, लाल शेऱ्यासकट. समितीत दोघांना ते पटलं, पाच जणांना नाही. फोटो पहिल्या पानावर आला, खाली ओळ : ‘आमचे माजी विद्यार्थी.’ रजिस्टर हेडक्लार्कांनी परत कपाटात ठेवलं आणि किल्ली आमच्यासमोर खिशात टाकली.

आता प्रश्न घेऊ या.